पगारपत्रकातील २०० रुपये आणि दीड हजारांचा हप्ता : हा खर्च नेमका कोणी उचलावा?

पार्क_चौक (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी.

मी सोलापुरातील एका खासगी कार्यालयात हिशेबाचे काम पाहतो. दर महिन्याला तीस-पस्तीस जणांची पगारपत्रके माझ्या हातून तयार होतात. बहुतेकांच्या कपातीच्या रकान्यात 'व्यवसाय कर २००' ही ओळ असते; फेब्रुवारीत तेवढी ती ३०० होते आणि वर्षाचे २,५०० पूर्ण होतात.

मागच्या आठवड्यात जेवणाच्या सुट्टीत 'लाडकी बहीण' योजनेवरून आमच्याकडे वाद झाला. एक सहकारी बऱ्याच तावात म्हणाला, "आपण राबून कर भरायचा आणि सरकारने तो घरबसल्या लोकांना वाटायचा, हे किती दिवस चालणार?" आमच्या कार्यालयात साफसफाईला येणाऱ्या मावशी त्याच वेळी कोपऱ्यातल्या बेसिनजवळ चहाचे कप विसळत होत्या. त्यांना तो हप्ता मिळतो हे आम्हा सर्वांना ठाऊक आहे. त्या काहीच बोलल्या नाहीत. उरलेले दोन कप तसेच ठेवून त्या बाहेर निघून गेल्या. पहाटे साडेपाचला घर सोडून तीन ठिकाणी काम करणाऱ्या बाईला 'घरबसल्या' म्हटले गेले आणि आमच्यापैकी कोणीही, अगदी मीसुद्धा, सहकाऱ्याला थांबवले नाही, ही गोष्ट माझ्या मनातून जात नाही.

तरीही सहकाऱ्याचा प्रश्न मला पूर्णपणे टाकाऊ वाटत नाही. एकाच्या उत्पन्नातून घेऊन दुसऱ्याला देणे हे अर्थशास्त्राच्या कसोटीवर कितपत टिकते? अशा वाटपाने लोकांची काम करण्याची इच्छा कमी होते का? आणि मुख्य म्हणजे हा खर्च कोणी उचलावा? जाणकारांनी आणि अनुभव असलेल्यांनी सविस्तर लिहावे, ही विनंती.

आठ_माग

माझे आठ यंत्रमाग आहेत, टॉवेलचे काम आहे. स्पष्टच लिहितो. रेशनवर धान्य फुकट आहे, बायकोच्या खात्यावर पैसे येतात, मग मागावर कामगार सहा दिवस का येईल? सोमवारी दोन माग बंद राहिले तर त्या दिवसाचे वीजबिल, भाडे आणि बँकेचा हप्ता मलाच भरावा लागतो. गरिबाला मदत करू नये असे मी म्हणत नाही, पण मदतीमुळे काम करणाराच कमी झाला तर उद्या कर कोण भरणार, याचे उत्तर मला कोणी दिलेले नाही.

मस्टर_१९७८

पार्क_चौक, तुम्ही दर महिन्याला टाकता त्या २०० रुपयांच्या ओळीचा इतिहास तुमच्या प्रश्नाशी थेट जोडलेला आहे, म्हणून जरा विस्ताराने लिहितो. माझी बरीचशी नोकरी रोजगार हमीच्या कामांवर गेली.

१९७२ च्या दुष्काळात आपल्या जिल्ह्याची काय दशा झाली होती हे ज्यांनी पाहिले त्यांना सांगण्याची गरज नाही. खडी फोडायला आलेल्या बायकांमध्ये दोन-चार एकर जमीन असलेल्या घरच्याही असत. तोंडावर पदर ओढून बसत, कारण शेजारच्या गावच्या मुकादमाने ओळखू नये. सुकडी आणि परदेशातून आलेला लाल मिलो (ज्वारीसारखे धान्य) खाऊन त्या पिढीने ती वर्षे काढली. गावात काम मागणाऱ्याला काम दिलेच पाहिजे हा विचार वि. स. पागे यांनी त्याच्याही आधी मांडला होता आणि सांगली जिल्ह्यात त्याचा प्रयोगही झाला होता. दुष्काळाने त्या विचाराची निकड साऱ्या राज्याला पटवली. १९७७ मध्ये त्याचा कायदा झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो अमलात आला. देशाने २००५ मध्ये जो रोजगार हमी कायदा केला, त्याचे मूळ इथे आहे.

आता पैशाचे सांगतो. काम मागण्याचा हक्क द्यायचा तर पैसा हवा, म्हणून १९७५ मध्ये महाराष्ट्राने व्यवसाय कराचा कायदा केला. शहरातल्या पगारदाराने, डॉक्टरने, वकिलाने, दुकानदाराने द्यायचा आणि तो पैसा रोजगार हमीच्या निधीत जायचा. तेवढीच भर राज्य सरकारने आपल्या तिजोरीतून घालायची, अशी ती मांडणी होती. म्हणजे मुंबई-पुण्याच्या आणि सोलापूरच्या पगारातून कापलेल्या पैशाने सांगोल्याचा पाझर तलाव आणि करमाळ्याचा नालाबांध उभा राहिला. उत्पन्नाचे पुनर्वाटप हेच आहे, फक्त आपण त्याला कधी त्या नावाने ओळखले नाही.

आठ_माग यांच्या शंकेचे उत्तरही या योजनेच्या रचनेत काही अंशी आहे. उन्हातान्हात खडी फोडून जेमतेम मजुरी मिळणार असेल, तर गरज नसलेला माणूस तिथे येतच नाही. गरजू कोण हे ठरवायला दाखला लागत नाही. कामाचे स्वरूपच ते ठरवते.

सम्राट_चौक

सत्तावीस वर्षे हा कर भरतो आहे. तो कशासाठी सुरू झाला हे आज कळले. मस्टर काका, मनापासून धन्यवाद.

अर्थवेध

मी महाविद्यालयात अर्थशास्त्र शिकवते. मस्टर_१९७८ यांनी पाया घालून दिला आहे, त्यावर थोडे पुढे लिहिते.

कल्याणकारी राज्य म्हणजे श्रीमंताच्या खिशातून काढून गरिबाच्या हातात ठेवणे, ही समजूत अपुरी आहे. जर्मनीत चान्सलर बिस्मार्कने १८८३ मध्ये आजारपणाचा विमा, १८८४ मध्ये अपघाताचा आणि १८८९ मध्ये वृद्धत्वाचा विमा सुरू केला, तो काही समाजवादावरील प्रेमापोटी नव्हे. कामगार समाजवाद्यांकडे जाऊ नयेत हाच त्याचा हेतू होता. ब्रिटनमध्ये १९४२ च्या बेव्हरिज अहवालानंतर जी व्यवस्था उभी राहिली, तिचाही कणा विम्याचाच होता. माणूस धडधाकट आणि कमावता असताना भरतो आणि आजारी, बेकार किंवा म्हातारा झाल्यावर घेतो. म्हणजे बरेचसे वाटप एका माणसाकडून दुसऱ्याकडे होत नसते. ते त्याच माणसाच्या चांगल्या दिवसांकडून त्याच्या वाईट दिवसांकडे होत असते. खासगी विमा कंपनीला हे पूर्णपणे जमत नाही, कारण ज्याला धोका जास्त त्यालाच ती दारातून परत पाठवते किंवा परवडणार नाही असा हप्ता मागते. म्हणून सर्वांना सक्तीने एका छत्राखाली आणावे लागते.

दुसरा गैरसमज असा की, स्वीडन किंवा डेन्मार्क हे सगळे फक्त धनिकांवर कर लावून चालवतात. त्या दोन्ही देशांत खरेदीवरील मूल्यवर्धित कराचा सर्वसाधारण दर २५ टक्के आहे आणि तो गरीबही भरतो. स्वीडनमध्ये मालकाला पगाराच्या वर सुमारे ३१ टक्के सामाजिक अंशदान द्यावे लागते. उलट वारसा कर स्वीडनने २००४ मध्ये आणि संपत्ती कर २००७ मध्ये रद्द केला. तिथे समता येते ती मुख्यतः खर्चाच्या बाजूने, कारण शाळा, दवाखाना, पाळणाघर आणि निवृत्तिवेतन सर्वांनाच मिळते. राष्ट्रीय उत्पन्नाच्या चाळीस टक्क्यांहून अधिक भाग तिथे कररूपाने गोळा होतो. आपल्याकडे केंद्र आणि राज्ये मिळून हे प्रमाण १७-१८ टक्क्यांच्या आसपास आहे.

आणि 'आपण कर भरतो, ते भरत नाहीत' हे वाक्यही तपासून पाहावे. तुमच्या कार्यालयातील मावशी २९९ रुपयांचे मोबाइल रिचार्ज करत असतील, तर १८ टक्के वस्तू व सेवा कराच्या हिशेबाने त्यातले सुमारे ४५ रुपये सरकारचे असतात. तुमचा सहकारी तेच रिचार्ज करतो तेव्हा तोही ४५ रुपयेच देतो. मिळकतीच्या तुलनेत त्या दोघांपैकी कोणाचा भार जड आहे, हे हिशेबाचे काम करणाऱ्या तुम्हाला मी सांगायला नको.

आठ_माग

ताई, ३१ टक्के वाचून माझ्या अंगावर काटा आला. टॉवेलच्या एका किलोमागे आमच्या हातात जे उरते, त्यातून १२ टक्के भविष्य निर्वाह निधी भरणेही छोट्या कारखानदाराला जड जाते. स्वीडनचा मालक भरतो, कारण त्याचा माल त्या दराने विकला जातो. माझा टॉवेल दोन रुपयांनी महागला तर व्यापारी दुसऱ्या गावाकडे वळतो. हे ओझे एकट्या मालकावर टाकले तर तो कामगाराला कागदावर दाखवतच नाही. मी हे समर्थन म्हणून लिहीत नाही, जे चालते ते लिहितो.

विडी_घरकुल

मी विडी कामगाराची मुलगी आहे. आता पुण्यात नोकरी करते, पण या धाग्यावर लिहिल्यावाचून राहवले नाही.

आई रात्री तेंदूची पाने भिजवून ओल्या फडक्यात बांधून ठेवायची. पहाटे उठून पत्र्याचा फर्मा ठेवून कात्रीने पाने कापायची आणि मग मांडीवर सूप घेऊन बसायची. चिमूटभर तंबाखू, एक वळसा, टोक मुडपणे, दोऱ्याचा फास, हजार वेळा. आम्ही बहिणी शाळेतून आलो की विड्यांची तोंडे बंद करायला बसायचो. कारखान्यात माल द्यायला गेल्यावर खराब म्हणून बाजूला काढलेल्या विड्यांची मजुरी मिळत नसे आणि त्या विड्या परतही मिळत नसत. तंबाखूच्या धुळीने आईला आजही खोकला आहे.

मी शिकले ती विडी कामगार कल्याण निधीच्या शिष्यवृत्तीवर. १९७६ च्या कायद्याने विड्यांवर एक छोटा उपकर लावला होता आणि तो पैसा कामगारांचे दवाखाने, घरे आणि मुलांची शिष्यवृत्ती यांसाठी वापरला जाई. म्हणजे देशात कुठेतरी कोणीतरी विडी विकत घेतली की तिच्यातला एक कण माझ्या वह्या-पुस्तकांपर्यंत पोहोचत होता. ती खिरापत होती असे मला कधीही वाटले नाही. आईच्याच कामातून निघालेला तो पैसा होता. २०१७ मध्ये वस्तू व सेवा कर आला आणि तो उपकर रद्द झाला. आता योजनांचा पैसा अर्थसंकल्पातून येतो. रक्कम किती मिळते हा वेगळा प्रश्न, पण 'हा आमचा निधी' असे बोट ठेवून सांगता येत होते, ते गेले.

सोलापूरजवळ कुंभारीला विडी कामगार बायकांसाठी दहा हजार घरांची वसाहत झाली आणि २००६ मध्ये पंतप्रधानांच्या हस्ते तिचे हस्तांतर झाले. तिथेही केंद्र, राज्य आणि स्वतः कामगार असे तिघांचे वाटे होते. बायकांनी आपला वाटा कसा भरला, कोणाची मणी-मंगळसूत्रे गहाण पडली, हे मी लहानपणी पाहिले आहे.

आईचे पेन्शन १९९५ च्या कर्मचारी निवृत्तिवेतन योजनेतले आहे आणि ते महिन्याला हजार रुपयांच्या जेमतेम वर आहे. २०१४ मध्ये किमान हजार रुपये ठरले, त्यानंतर तो आकडा हललेला नाही. दीड हजारांचा हप्ता येतो तेव्हा आई पहिल्यांदा रक्तदाबाच्या गोळ्या आणते, महिन्याच्या एकदम. पूर्वी दहा-दहा आणायची आणि मध्ये चार दिवस खंड पडायचा. आठ_माग अण्णा, आईने काम सोडलेले नाही. एकसष्टाव्या वर्षीही ती विड्या वळते, फक्त हजाराऐवजी पाचशे-सहाशे.

मंगळवेढ्याची_ज्वारी

मी शेतकरी आहे आणि ज्वारी काढणीला मजूर मिळत नाही ही तक्रार मीही वर्षानुवर्षे करत आलो आहे. परंतु वरचे वाचल्यावर गावातली घरे एकेक करून डोळ्यांपुढे आणली. जे काढणीला येत नाहीत, ते घरी बसलेले नाहीत. कोणी पुण्याच्या बांधकामावर आहे, कोणी ऊसतोडीला गेले आहे, दोन घरच्या बाया शाळेत खिचडी शिजवतात. मी देतो त्या मजुरीपेक्षा चांगली मजुरी त्यांना मिळाली, एवढाच त्याचा अर्थ आहे. रोजगार हमीमुळे मजुरीचे दर वाढले अशी ओरड आमच्यासारख्यांनी केली, पण मजुराच्या बाजूने पाहिले तर योजनेचा उपयोग नेमका तोच झाला, की त्याला माझ्या दराला 'नाही' म्हणता आले.

आणखी एक गोष्ट कबूल केली पाहिजे. शेतीच्या उत्पन्नावर आयकर नाही. केंद्राचे वर्षाला ६,००० आणि राज्याचे ६,००० माझ्या खात्यावर येतात. पाटाचे पाणी आणि खत मला त्यांच्या खऱ्या किमतीत पडत नाही. आमच्या पारावर लाडक्या बहिणींना नावे ठेवणारे बहुतेक जण हे बारा हजार घेणारेच आहेत.

अर्थवेध

मंगळवेढ्याची_ज्वारी, आपला प्रतिसाद मी विद्यार्थ्यांना वाचून दाखवणार आहे.

काम सोडण्याच्या प्रश्नावर प्रत्यक्ष अभ्यास झालेले आहेत. अभिजित बॅनर्जी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सहा विकसनशील देशांतील सात सरकारी रोख-मदत योजनांच्या प्रयोगांची माहिती एकत्र तपासली आणि २०१७ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केला, की मदत मिळाल्यामुळे स्त्री किंवा पुरुष कामापासून दूर जातात असा पद्धतशीर पुरावा आढळत नाही. फिनलंडमध्ये २०१७-१८ मध्ये २,००० बेरोजगारांना महिन्याला ५६० युरो विनाअट दिले गेले, तिथेही रोजगार घटला नाही. मात्र याचा अर्थ कितीही रक्कम दिली तरी परिणाम होणार नाही, असा काढू नये. रक्कम मजुरीच्या तुलनेत किती आहे आणि चार पैसे जास्त कमावले की ती मदत एकदम बंद होते का, यावर सारे अवलंबून असते. ठरावीक उत्पन्नाची रेघ ओलांडताच सगळेच जाणार असेल, तर माणूस त्या रेघेच्या अलीकडेच थांबतो आणि तो काही आळस नव्हे.

पुनर्वाटपाला खर्च येतो हेही नाकारता येत नाही. आर्थर ओकन या अर्थशास्त्रज्ञाने १९७५ मध्ये गळक्या बादलीचा दाखला दिला होता. श्रीमंताकडून गरिबाकडे बादलीतून पाणी न्यायचे, पण बादली गळकी आहे. तर किती गळेपर्यंत तुम्ही पाणी नेत राहाल? राजीव गांधी यांनी १९८५ मध्ये रुपयातले पंधरा पैसेच गरिबापर्यंत पोहोचतात असे म्हटले होते, ती आपल्या बादलीची अवस्था होती. २०१३ पासून पैसा थेट खात्यात जाऊ लागल्यावर मधली बरीच भोके बुजली.

रंगभवन

मग सरळ श्रीमंतांवर जबर कर का लावू नये? एवढी चर्चा कशाला?

अर्थवेध

आपण तेही करून पाहिलेले आहे. १९७३-७४ मध्ये आयकराचा सर्वोच्च दर अधिभारासह ९७.७५ टक्के होता. म्हणजे वरच्या शंभर रुपयांतले सव्वादोन रुपये हातात राहत. परिणामी उत्पन्न दडवले जाऊ लागले आणि सरकारलाच तो दर उतरवत न्यावा लागला. मृत्यूनंतरच्या संपत्तीवरील कर १९५३ मध्ये आला आणि १९८५ मध्ये गेला. संपत्ती कर २०१५ च्या अर्थसंकल्पात रद्द झाला आणि त्याऐवजी एक कोटीवरच्या उत्पन्नावर अधिभार वाढवण्यात आला. वारशाने मिळालेल्या मोठ्या संपत्तीवर माफक दराचा कर असावा असे माझे स्वतःचे मत आहे, परंतु केवळ त्यावर कल्याणकारी राज्य उभे राहील, अशी आशा मी दाखवणार नाही.

ताळेबंद

मी या योजनांच्या विरोधात नाही, तरीही इथे एक बाजू अजून नीट आलेली नाही. 'लाडकी बहीण' जून २०२४ मध्ये जाहीर झाली तेव्हा वर्षाचा खर्च ४६,००० कोटी रुपये सांगण्यात आला. हा पैसा कोणत्या नव्या करातून येणार, हे कोणीही सांगितले नाही. १९७५ मध्ये मात्र आधी कर सांगितला, त्याचे नाव सांगितले, तो कुठे जाणार ते सांगितले आणि मग हक्क दिला. माझ्या दृष्टीने दोन्हींमधला खरा फरक हा आहे.

कर न सांगता दिलेला हप्ता अखेर कोणाच्या तरी वाट्यातून निघतोच. कधी कर्ज वाढते, म्हणजे आपल्या मुलांकडून उसने घेतले जाते. कधी ठेकेदारांची बिले थकतात, कधी पाण्याच्या योजना लांबतात. उजनी धरण भरलेले असताना आपल्या शहरात नळाला चार-चार दिवसांनी पाणी येते. त्या पाण्यासाठी पिंपे भरून ठेवण्यात, रात्री जागण्यात आणि प्रसंगी टँकर मागवण्यात गरीब घरातील बाईचा जो वेळ आणि पैसा जातो, त्याची किंमत दीड हजारांपेक्षा कमी आहे का, याचा हिशेब मांडला पाहिजे. हातात पैसे द्यावेत की रोज पाणी द्यावे, हा प्रश्न विचारणारा माणूस गरिबांचा शत्रू ठरू नये.

अक्कलकोट_रोड

ताळेबंद, पाण्याविषयी शंभर टक्के सहमत. पण पाणी आणि पैसा यांत निवड करायला लावणे मला पटत नाही, कारण पाण्यासाठी वीस वर्षे थांबलेल्या बाईला यापुढेही थांबा असे सांगण्यासारखे ते आहे. घरात स्वतःच्या नावावर येणारा पहिला पैसा हा आहे, असे आमच्या गल्लीतल्या कित्येकजणी सांगतात. नवऱ्याकडे हात न पसरता मुलीला चप्पल घेता आली, याची किंमत कोणत्या ताळेबंदात लिहिणार?

मला वेगळाच मुद्दा मांडायचा आहे. खरी गळती आता कागदपत्रांत आहे. माझ्या विधवा सासूबाईंना निराधार योजनेचे दीड हजार मिळतात. वर्षातून एकदा हयातीचा दाखला द्यावा लागतो. आयुष्यभर विड्या वळून त्यांच्या बोटांवरच्या रेषा पुसल्या गेल्या आहेत, यंत्रावर अंगठा उमटत नाही. गेल्या वर्षी एका कार्यालयात आम्ही चार चकरा मारल्या. चौथ्या वेळी समोरच्या माणसाने सांगितले, "ठसा जुळत नाही, मी काय करू?" सासूबाई समोर उभ्या होत्या, श्वास घेत होत्या, आणि त्या हयात आहेत हे सिद्ध होत नव्हते. तीन महिने पैसे बंद राहिले. अपात्र माणूस शिरू नये म्हणून जे कुंपण घातले जाते, त्यात पात्र माणूसच अडकतो आणि त्याचा हिशेब कोणी ठेवत नाही.

अर्थवेध

अक्कलकोट_रोड यांचा अनुभव फार महत्त्वाचा आहे. कोर्पी आणि पाल्मे या दोन स्वीडिश अभ्यासकांनी १९९८ मध्ये दाखवले, की जे देश मदत काटेकोरपणे फक्त गरिबांपुरती ठेवतात, तिथे एकूण विषमता कमी होण्याचे प्रमाण उलट कमीच राहते. कारण मध्यमवर्गाला स्वतःला काही मिळत नसल्याने तो त्या खर्चाला पाठिंबा देत नाही आणि निधी आटत जातो. फक्त गरिबांसाठी असलेली सेवा हळूहळू निकृष्ट सेवा होते. सरकारी शाळेतून मध्यमवर्ग बाहेर पडल्यावर शाळांचे काय झाले, ते आपण पाहतोच आहोत.

गिरणीचा_भोंगा

माझे वय ७४. नातू टंकन करून देतो आहे.

सोलापुरात १८७७ मध्ये पहिली गिरणी उभी राहिली आणि शंभर वर्षे हे शहर भोंग्यावर जेवले आणि भोंग्यावर झोपले. मी ज्या गिरणीत साच्यावर (मागावर) होतो, ती बंद पडली तेव्हा मी चाळिशीच्या आत-बाहेर होतो. आधी पगार पुढे ढकलले गेले, मग पाळ्या कमी झाल्या आणि एके दिवशी फाटकाला कुलूप दिसले. आम्ही दोन महिने रोज डबा घेऊन फाटकासमोर जाऊन बसत होतो, कारण घरी राहिलो तर मुलांना काय सांगायचे? देणी मिळायला किती वर्षे गेली ते सांगत नाही. थोरल्याला नववीतून काढून मागावर कांड्या भरायला पाठवले. तो हुशार होता. त्याचे गणित चांगले होते.

वर ताईंनी लिहिले आहे की चांगल्या दिवसांत भरायचे आणि वाईट दिवसांत घ्यायचे. आम्ही चांगल्या दिवसांत भरत होतो. १९४८ च्या कायद्याचा राज्य विमा होता, त्यात दवाखाना होता, बाळंतपण होते, कामावरचा अपघात होता. पण गिरणीच बंद पडली तर काय, त्याची तरतूद नव्हती. बेकारी भत्त्याची योजना त्यात २००५ मध्ये आली. आमच्यासारख्यांना वर्षभर अर्धा पगार मिळाला असता तर थोरला दहावी झाला असता, एवढेच मी खात्रीने सांगतो. तो आज रिक्षा चालवतो. त्याने शिकून जो आयकर भरला असता तो सरकारला मिळाला नाही, हेही नुकसान हिशेबात धरावे.

सम्राट_चौक

आजोबा, तुमच्या शेवटच्या ओळीनंतर बराच वेळ काही लिहिता आले नाही. आमच्या घरीही गिरणीच होती.

आठ_माग

काल रात्री सगळा धागा पुन्हा वाचला. गिरणीच्या आजोबांचे वाचून झोप लागली नाही, कारण माझ्याकडचा जॉबर (मागांची दुरुस्ती-देखभाल करणारा) असाच एका बंद गिरणीतून आलेला आहे आणि उद्या माझे माग बंद पडले तर त्याच्यापाशीही काहीच नाही. सोमवारी कामगार येत नाही हे खरे आहे, पण तो हप्त्यामुळे येत नाही असे मी ठामपणे लिहिले, ते मी तपासून लिहिले नव्हते. आज त्यालाच विचारले. सोमवारी नळाला पाणी येते.

तरी माझी मूळ अडचण कायम आहे. प्रत्येक छोट्या कारखान्याने आपापले अंशदान भरायचे म्हटले, तर जो भरेल तो बाजारात मागे पडतो आणि जो लपवेल तो टिकतो. विडी_घरकुल यांनी उपकराची गोष्ट लिहिली ती मला पटली. भार मालकाच्या नावावर न टाकता मालावर टाकला आणि सगळ्यांना सारखाच लागू केला, तर कोणी कोणाला मागे टाकणार नाही. टॉवेल आणि चादरीवर असे काही होऊ शकेल का?

मस्टर_१९७८

मालक, त्याचा नमुना आपल्या मार्केट यार्डातच आहे. १९६९ मध्ये महाराष्ट्राने माथाडी, हमाल आणि इतर श्रमजीवी कामगारांसाठी कायदा केला. हमाल एका मालकाचा नसतो. सकाळी या अडत्याची पोती उचलतो, दुपारी त्याची. म्हणून मजुरी आणि तिच्यावर ठरावीक टक्के लेव्ही व्यापाऱ्याने माथाडी मंडळाकडे जमा करायची आणि मंडळाने हमालाला मजुरी, भविष्य निर्वाह निधी, रजा, बोनस यांचा हिशेब द्यायचा, अशी व्यवस्था बसवली. कांद्याचे पोते पाठीवर वाहणाऱ्या माणसाला निवृत्तीच्या वेळी हातात रक्कम मिळते, ती त्यामुळे. बांधकाम कामगारांसाठी १९९६ मध्ये बांधकाम खर्चावर एक टक्का उपकराचा केंद्रीय कायदा झाला, त्यामागेही हाच विचार आहे.

दोन्हींत त्रुटी आहेत. बांधकामाच्या निधीत पैसा साठून राहिला आणि कामगारांची नोंदणी मागे राहिली, अशी टीका होत आली आहे. पण भरणारा कोण आणि घेणारा कोण हे दोन्ही ठिकाणी स्पष्ट आहे, आणि ताळेबंद यांचा आग्रह त्यासाठीच आहे असे मी समजतो.

ताळेबंद

होय, अगदी तेच. आणि पार्क_चौक, तुमच्या २०० रुपयांविषयीही एक सांगायचे राहिले. व्यवसाय कराची वर्षाची कमाल मर्यादा राज्यघटनेतच आहे. १९८८ च्या दुरुस्तीने ती २५० वरून २,५०० वर नेली आणि तेव्हापासून ती तिथेच आहे. १९८८ मध्ये कारकुनाचा पगार किती होता आणि आज किती आहे याचा विचार करा. लाखाच्या वर पगार घेणाराही महिन्याला २०० च देतो. संसदेने ती मर्यादा वाढवावी आणि वाढीव रक्कम पूर्वीसारखीच नाव घेऊन एखाद्या हक्काला जोडावी, असे माझे मत आहे.

पार्क_चौक (धागाकर्ता)

सर्वांचे आभार. कार्यालयात मी मस्टर काकांचा पहिला प्रतिसाद छापून नेला आणि सहकाऱ्याला वाचायला दिला. तो म्हणाला, "हे मला माहीत नव्हते, पण ४६,००० कोटींचे काय?" मग त्याला ताळेबंद यांचा प्रतिसाद दाखवला. आता आमचा वाद चालू आहे, पण तो वेगळ्या ठिकाणी आला आहे. मर्यादा दुप्पट करून महिन्याला ४०० कापले आणि ते कामगारांच्या निवृत्तिवेतनासाठी आहेत असे लिहून दिले, तर आपण देऊ का, यावर चौघे 'हो' म्हणाले, तिघे 'नाही'. 'नाही' म्हणणाऱ्यांत दोघांचे कारण असे, की पैसा खरेच तिथे जाईल याची खात्री नाही.

मावशींशी बोललो. त्या दिवशीबद्दल मी त्यांची क्षमा मागितली. त्या म्हणाल्या, "साहेब, मला पैसे बंद झाले तरी चालतील, पण पोरीचे कॉलेज झाल्यावर व्हावेत." मुलगी बारावीला आहे.

विडी_घरकुल

पार्क_चौक दादा, त्या मुलीसाठी शिष्यवृत्तीचे अर्ज कोणकोणते भरता येतील ते मी व्यक्तिगत निरोपातून कळवते. उत्पन्नाचा दाखला तेवढा आत्ताच काढून ठेवायला सांगा. जूनमध्ये रांग लागते.

आठ_माग

रविवारी आमच्या भागातील आठ-दहा कारखानदार एकत्र बसणार आहोत. माथाडी कायद्यात लेव्हीची टक्केवारी कोण ठरवतो आणि त्यात मालकांचे म्हणणे ऐकले जाते का, एवढे कोणी सांगेल का?

मस्टर_१९७८

मंडळावर मालक, कामगार आणि शासन या तिघांचे प्रतिनिधी असतात आणि लेव्हीचा दर मंडळनिहाय ठरतो. कायद्याची मराठी प्रत माझ्याकडे आहे. रविवारी किती वाजता येऊ?